खातेदारांची हजेरी

मॅडम आमच्या पतसंस्थेत पहिल्यांदा ऑडिटला आल्या, त्या दिवशी त्यांनी रोजच्या जमाखर्चाची किर्द मागितली नाही की ताळमेळाची तेरीज मागितली नाही. ठेवीदारांची यादी मागितली, खिडकीजवळची खुर्ची धरली आणि शाळेत बाई हजेरी घेतात तसं एकेक नाव मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"गोदाबाई."

आम्ही तिघं कर्मचारी एकमेकांच्या तोंडाकडं पाहायला लागलो.

"गोदाबाई हजर हाये का नाई?"

"मॅडम, त्या खातेदार आहेत. त्या इथं कशा असतील?" मी म्हणाले.

"ते मले बी समजते. तुमच्यापैकी कोणी तिले पाह्यलं हाये का? घर कुठी तिचं? जिती हाये का गेली, हे कोणाले सांगता येते?"

मला येत नव्हतं. आमच्या शिपाईकाकांना आलं. "मारुतीच्या पाराजवळ राह्यते. दिवाळीच्या आधी डोळ्याचं ऑपरेशन झालं तिचं."

"हजर," म्हणत मॅडमनी पेन्सिलीनं खूण केली आणि पुढचं नाव घेतलं.

दिवस असा गेला. संध्याकाळी यादीत सतरा नावांपुढं खूण नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शिपाईकाकांना बरोबर घेऊन गावात निघाल्या आणि सतराही घरं शोधून आल्या. दोन माणसं वारली होती, त्यांच्या खात्यावर व्याज जमा होतच होतं. एक जण सुरतेला मुलाकडं गेला होता. बाकीचे आपापल्या घरी होते, पण आमच्या ऑफिसातलं कोणी त्यांना ओळखत नव्हतं. कुठं लबाडी नव्हती. मॅडमनी अहवालात लिहिलं, 'संस्थेला आपले ठेवीदार ठाऊक नाहीत.' अध्यक्षांना ते वाक्य फार लागलं. ते म्हणाले, "हे काय ऑडिट झालं?"

मॅडमचं नाव मी इथं लिहीत नाही. नाव अहवालाखाली सहीपुरतं असावं, असं त्यांचं मत होतं. त्या मूळच्या मेहकरच्या. नांदुऱ्याला स्टेशनच्या बाजूला दोन खोल्या घेऊन राहायच्या आणि तिथून बसनं आजूबाजूच्या संस्थांचे हिशोब तपासायला जायच्या. पन्नाशी ओलांडलेली होती. फिकट सुती साडी आणि खाली पोरं कवायतीला घालतात तसले पांढरे कापडी बूट. नवरा लवकर गेला होता, मुलगा पुण्यात नोकरीला होता. आमचं गाव हमरस्त्यावर, नांदुऱ्यापासून बसनं जवळ. संस्था एका कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर होती, त्यामुळं जिन्यात कायम खताचा वास. दारावर रंगवलेलं होतं, 'सतत ऑडिट वर्ग अ'. हेच शब्द आमच्या कॅलेंडरवर लक्ष्मीच्या चित्राखाली छापलेले असायचे.

मॅडम आल्या की पहिल्यांदा पिशवीतून जेवणाचा रिकामा डबा काढायच्या. त्यात मोबाइल ठेवायचा, झाकण लावायचं. फोन आला की डबा टेबलावर थरथरत सरकायचा आणि आम्हाला हसू आवरायचं नाही. त्या मान वर करायच्या नाहीत. अकरा ते एक कोणाशी बोलायच्या नाहीत. कागद उडतात म्हणून पंखा बंद. मे महिन्यात आमच्याकडं पंखा बंद करून बसणं काय असतं, ते इथल्या माणसालाच कळेल. मॅनेजरभाऊंनी एकदा कागदांवर ठेवायला पेपरवेट आणून दिले. मॅडम म्हणाल्या, "वजनाखालचा कागद मले दिसत नाई, भाऊ."

दुपारी त्या चणे-फुटाणे खायच्या. खाताना मात्र बोलायच्या आणि तेव्हा शिकायला मिळायचं.

"पोरी, सुंदर पान दिसलं की थांबत जा," हे मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं. "खरं लिहिणारा घाईत असते. खाडाखोड करते, शाई सांडवते. खोटं लिहिणाऱ्याले येळ असते. तो मेहनत घेते."

आणखी एक त्यांचं नेहमीचं होतं. कोणी म्हणालं, 'मॅडम, आमच्यात चोर नाही हो,' की त्या म्हणायच्या, "मी चोर पकडाले येतच नाई. दार उघडं राह्यलं का, तेवढं पाह्यते. चोर येणं न येणं त्याच्या मर्जीवर हाये."

त्यांच्याबद्दल तालुक्यात गोष्टी फिरायच्या. एका शाळेच्या संस्थेत नवे बाक घेतल्याची पावती होती. मॅडम वर्गावर्गात गेल्या आणि प्रत्येक बाकावर स्वतः बसून पाहिलं. पोरं हसत होती. तीन बाक डुगडुगत होते. अहवालात आलं, 'तीन बाक बसण्यायोग्य नाहीत.' मुख्याध्यापकांनी मला स्वतः सांगितलंय, की त्यानंतर सुतार दोन दिवस शाळेत होता. पुण्याला त्या एकदा कुठल्याशा प्रशिक्षणाला गेल्या होत्या. तिथं त्यांना चार शब्द बोलायला सांगितलं. त्या उभ्या राहून आपल्या बोलीतच बोलायला लागल्या, तशी मागं खसखस पिकली. त्या थांबल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "हसून घ्या, मंग आकडे पाहू." ही गोष्ट त्या फुशारकीनं सांगायच्या नाहीत. मुलगा त्या सभागृहात आला होता आणि तो खाली मान घालून बसला होता, एवढं मात्र सांगायच्या.

अशा बाईला कॉम्प्युटरचं वावडं असणार, असं सगळे धरून चालले होते. आमच्या संस्थेनं सॉफ्टवेअर घेतलं, वह्या बंद केल्या आणि अध्यक्षांनी दुसऱ्या वर्षी हसत हसत मॅडमना सांगितलं, "आता तुमचं काम सोपं झालं. बटन दाबलं की ऑडिट."

मॅडम म्हणाल्या, "बटन दाबणारं बोट कोणाचं, तेवढं दिसलं पाह्यजे, साहेब."

अध्यक्षांना ठाऊक नव्हतं, मलाही नंतर कळलं, की त्या वर्षी मॅडम नांदुऱ्याला एका कॉम्प्युटर क्लासला जात होत्या. बारावीच्या पोरापोरींमध्ये पहिल्या बाकावर बसायच्या, वहीत सगळं उतरवून घ्यायच्या. शिकवणारी मुलगी त्यांच्या मुलापेक्षा लहान. तिला त्या 'सर' म्हणायच्या, कारण क्लासमध्ये सगळे शिकवणाऱ्याला सर म्हणतात. यादीतून नावं गाळून काढणं, दोन याद्या एकमेकींवर ताडून पाहणं, हे त्यांना इतकं आवडलं की पूर्वी जे काम आठ दिवस चालायचं ते एका सकाळी करून त्या खुर्चीला टेकून बसायच्या. एकदा म्हणाल्या, "मी तीस वर्षं पेन्सिलीनं निवडत होते वं. हे दहा मिनिटांत गहू वेगळा, खडे वेगळे करते. खडा कोणता, ते मात्र आपणच सांगा लागते त्याले."

आता माझ्यावर आलेला प्रसंग सांगते.

मी त्या संस्थेत लिपिक होते. नोकरी मला मॅनेजरभाऊंनी दिली होती. माझ्या नवऱ्याचा मोटारसायकलवर अपघात झाला, पाय मोडला, दुकान बंद पडलं, तेव्हा भाऊ स्वतः घरी आले. "वहिनी, कॉम्प्युटर येते ना तुमाले? सोमवारपासून या." असा माणूस. गावात कोणाचं लग्न, कोणाचं दुखणं, भाऊ पुढं. त्यांच्यावर विश्वास ठेवणं ही काही ठरवून करायची गोष्ट नव्हती.

सॉफ्टवेअर घेतल्याच्या पुढच्या वर्षी माझ्या मुलीला डेंग्यू झाला. तिला खामगावला दवाखान्यात ठेवलं, आठ दिवस मी तिथंच होते, आणि घरी आल्यावर आणखी तीन दिवस रजा. निघायच्या घाईत भाऊ म्हणाले, "तुमचा पासवर्ड लिहून ठेवा. काम अडून राह्यते." मी चिठ्ठीवर लिहून कीबोर्डखाली ठेवला. परत आल्यावर बदलावा, हे डोक्यातही आलं नाही. सगळेच असं करायचे.

ऑडिटच्या दुसऱ्या दिवशी मॅडमनी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या माणसाला फोन लावला. डब्यातून फोन निघाला म्हणून आम्ही सगळे कान देऊन होतो. कोणी, कोणत्या वेळी, कोणत्या खात्यात काय बदललं, याची नोंद सॉफ्टवेअर आपोआप ठेवतं, ती त्यांना हवी होती. पलीकडचा माणूस म्हणाला असावा, की हे कोणी मागत नाही. मॅडम म्हणाल्या, "मी मागून राह्यली ना."

ती यादी निघाली. त्यांनी आमचं हजेरीचं रजिस्टर मागितलं. दोन दिवस एका बाजूला ती यादी, दुसऱ्या बाजूला हजेरी. तिसऱ्या दिवशी एक वाजता त्यांनी मला समोर बसवलं.

"दवाखान्यात होती तू, तेव्हा अठी कोण होतं?"

"मले कसं माहीत, मॅडम? मी तर खामगावले होते."

त्यांनी कागद माझ्याकडं फिरवला. माझं नाव ओळीनं छापलेलं होतं. माझ्या रजेच्या अकरा दिवसांत माझ्या नावानं नऊ ठेवीदारांच्या खात्यांवर मोबाइल नंबर बदलले होते, किंवा नव्यानं टाकले होते. त्याच आठवड्यात त्या नऊ जणांच्या ठेवी तारण ठेवून कर्ज उचललं होतं. नऊही माणसं म्हातारी, एकटी राहणारी. नवा नंबर सगळ्यांचा एकच, म्हणजे कर्जाचे मेसेज खातेदारांना न जाता सगळे तिकडंच गेले होते.

मला पहिल्यांदा काही कळलंच नाही. मग कळलं. गावात कोणाला यादी समजावून सांगणार? नाव तर माझं होतं.

"मॅडम, माझ्यावर विश्वास आहे ना तुमचा?"

"विश्वासाचा रकाना नाई याच्यात," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, मऊही नव्हता. "दवाखान्याचा कागद आन."

मी घरी गेले. कपाटातून मुलीचं डिस्चार्ज कार्ड काढलं, औषधांची बिलं काढली. मॅडमनी तारखा पाहिल्या, झेरॉक्स काढून आणायला लावली, फाइलला जोडली. मग विचारलं, "पासवर्ड कोणाले देल्ला होता?"

मी मूळ बिलं घडी करून पर्समध्ये ठेवायला लागले.

त्यांनी घाई केली नाही. पुडीतले चणे काढले, मूठभर माझ्यापुढंही ठेवले. खालून खताची पोती उतरवत असलेल्या हमालांचे आवाज येत होते. माझ्या डोळ्यांपुढं भाऊ आमच्या ओसरीत उभे होते आणि म्हणत होते, सोमवारपासून या.

"आज सांगू नको," मॅडम शेवटी म्हणाल्या. "उद्या लिहून दे. तू नाव लिहिलं तरी मले जे दिसलं ते मी लिहीन, नाई लिहिलं तरी लिहीन. पण तुह्या हातानं लिहिलं तं तुले पुढं सोपं जाईन."

त्या संध्याकाळी त्या वेणूबाईकडं गेल्या. मलाही बरोबर नेलं. वेणूबाई नऊ जणांतली एक. मिरच्या निवडायच्या कामाला जाऊन तिनं ठेव साठवलेली होती. अंगणात सूप घेऊन बसली होती. मॅडम तिच्या बाजूला भुईवरच बसल्या.

"वेणूबाई, तुमी ठेवीवर कर्ज काढलं का?"

"कर्ज?" ती हसली. "मले कोण देते वं माय कर्ज?"

"अन् हा मोबाइल नंबर कोणाचा?"

"माह्या घरी फोनच नाई."

मॅडमनी तिचं बोलणं लिहून घेतलं, तिला वाचून दाखवलं, अंगठा घेतला. वेणूबाई तेवढ्यात घाबरली. "पैसे गेले का माहे?" मॅडम म्हणाल्या, "अजून सांगता येत नाई. सांगता आलं की पह्यले तुमाले सांगीन." खोटा धीर त्यांनी दिला नाही. परत येताना मला तो कोरडेपणा फार टोचला. रात्रभर विचार करून सकाळी मी भाऊंचं नाव लिहून दिलं.

भाऊंनी नाकबूल केलं नाही. तो नंबर त्यांच्या साळ्याचा निघाला. कापसाच्या व्यापारात ते अडकले होते, भाव पडला, आणि 'भाव आला की परत भरू' म्हणून त्यांनी पैसे उचलले होते. माझ्यासमोर आले आणि म्हणाले, "वहिनी, तुमच्यावर येऊ देणार नव्हतो मी." त्यांना ते खरंच वाटत होतं, असं मला आजही वाटतं. पण माझं नाव त्यांनी वापरलं होतं, हेही तितकंच खरं. नांदुऱ्याचा प्लॉट विकून त्यांनी महिन्याभरात सगळी रक्कम भरली आणि राजीनामा दिला.

पैसे भरल्यावर अध्यक्ष दोन संचालकांना घेऊन मॅडमपुढं बसले.

"मॅडम, आता पैसे आले ना वापस. लोकायले कळलं तर उद्या दारात रांग लागन. मंग संस्थेचं नाव काऊन खराब करता?"

"पैसे वापस आले हे बी लिहिलं हाये. खालची ओळ पाहा."

"आजवर अ वर्ग सुटला नाई आपला."

"म्हणूनच कोणी वाकून पाह्यलं नाई, साहेब."

त्यांनी क वर्ग दिला. निबंधक कार्यालयाला वेगळा अहवाल गेला, चौकशी लागली. आणि त्याच अहवालात माझ्यावरही एक ओळ होती. 'लिपिकाने आपला पासवर्ड लेखी स्वरूपात दुसऱ्याच्या स्वाधीन केला व परत आल्यावर बदलला नाही.'

ती ओळ वाचून मी रडले. मग राग आला. त्या बसची वाट पाहत उभ्या होत्या, तिथं जाऊन मी म्हणाले, "मॅडम, मी तुमाले सगळं खरं सांगितलं. तरी माझं नाव?"

"खरं सांगितलं म्हणून एक ओळ हाये," त्या म्हणाल्या. "नाईतर पान असतं."

बस आली, त्या गेल्या. माझी त्या वर्षीची वेतनवाढ थांबली. बाजारात बाया माझ्याकडं पाहून बोलायच्या थांबायच्या. खूप दिवस मी मॅडमना मनातून माफ केलं नव्हतं. पण एक दिवस लक्षात आलं. गावात जेव्हा कुजबूज झाली की 'ती पण सामील असेल,' तेव्हा शिपाईकाका सगळ्यांना तेच सांगत होते: तिचं जेवढं चुकलं तेवढं अहवालात लिहिलेलं आहे. त्या बाईनं कोणालाच सोडलं नाही, मग या पोरीनं आणखी काही केलं असतं तर तेही लिहिलं असतं. त्या एका ओळीनं मला जेवढं वाचवलं, तेवढं कोणाच्या शिफारशीनं वाचवलं नसतं.

आमसभा शाळेच्या पटांगणात होती. आमच्याकडं आमसभेला लोक येतात ते भेटवस्तूसाठी. त्या वर्षी स्टीलचं भगोणं होतं. एरवी ऑडिटचा विषय आला की कोणीतरी ओरडतं, 'अहवाल वाचला असं समजा,' आणि पुढं जातात. या वेळी मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, "समजू नका. ऐका." आणि अख्खा अहवाल आपल्या बोलीत वाचला. एकही मोठा शब्द नाही. भगोण्याच्या रांगेतली माणसं परत येऊन सतरंजीवर बसली.

मग त्यांनी काय करायचं ते सांगितलं. ज्याचा पासवर्ड त्यानंच वापरायचा. मोबाइल नंबर बदलायचा तर खातेदार समोर पाहिजे आणि दोन जणांची मान्यता पाहिजे. कोणी काय बदललं, ती यादी दर महिन्याला संचालकांच्या सभेत ठेवायची. आणि संचालक नसलेल्या तीन सभासदांनी, न कळवता, कधीही येऊन दहा नावं काढायची आणि त्या घरी जाऊन विचारायचं.

तेवढ्यात मागून वेणूबाई उठली. एवढ्या माणसांत बोलायची तिची पहिलीच वेळ असावी. पदर दातात धरून म्हणाली, "फोनवाल्याले फोनात येईन. माह्याजवळ फोन नाई. माह्या पैशाचं मले कोण सांगन?"

मॅडमनी वळून पाहिलं. "हे माह्याकडून राह्यलं," असं सगळ्यांसमोर म्हणाल्या आणि तिथंच कागदावर भर घातली: ज्यांच्याकडं फोन नाही त्यांना दर तीन महिन्यांनी खात्याचा छापील उतारा घरपोच. अध्यक्षांना नाही म्हणता येईना. ठराव झाला. आजही आमच्याकडं ते सगळं चालतं.

शेवटचा विषय पुढच्या वर्षीचा ऑडिटर नेमण्याचा. संचालकांनी अकोल्याच्या दुसऱ्या ऑडिटरचं नाव आधीच ठरवून आणलं होतं. मॅडम समोरच खुर्चीवर बसल्या होत्या. अध्यक्षांनी नाव वाचलं आणि विचारलं, "मंजूर?" हात वर झाले. जे मॅडमचं वाचन कान टवकारून ऐकत होते, त्यांचेही झाले. अध्यक्षांनी "विरोधात?" असं विचारलं आणि वर न पाहताच कागद मिटले. मी मंचाच्या बाजूला बसून सभेचं प्रोसिडिंग लिहीत होते. नेहमीप्रमाणे लिहिलं, 'ठराव सर्वानुमते मंजूर.'

दुसऱ्या दिवशी मॅडम आमची रजिस्टरं परत करायला आल्या. पोच लिहून द्यायला मी उठले, तेव्हा प्रोसिडिंग बुक टेबलावर उघडंच होतं. त्यांनी चष्मा लावून ते पान वाचलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

"सर्वानुमते?"

मी वाकून तो शब्द पाहिला.

"विरोधात वेणूबाईचा हात वर होता. मी पाह्यलं. तू बी पाह्यलं."

पाहिलं होतं मी. पानावर अजून अध्यक्षांची सही झालेली नव्हती. मी शब्दावर एक रेघ मारली, वर 'बहुमताने' लिहिलं, 'विरोधात' लिहिलं आणि थांबले.

"मॅडम, दोन लिहू का? मी बी सभासद आहे. माझ्या मनात तुमीच होत्या."

"काल हात वर केल्ला होता का, विरोध म्हणून?"

"नाही. मी लिहीत होते."

"मंग कशी लिहिशीन? कालचा हात आज वर होत नाई वं."

मी 'एक' लिहिलं, बाजूला सही केली, तारीख टाकली. त्यांनी ती पाहिली, पोच घडी करून पिशवीत ठेवली आणि जिना उतरल्या.

अध्यक्षांनी सही करताना ते पान बराच वेळ वाचलं. म्हणाले, "आपल्या प्रोसिडिंगात असं कधी लिहिलेलं नाई." मी म्हणाले, "काल असंच झालं होतं, साहेब." त्यांनी सही केली.

अकोल्याचे ऑडिटर चांगले आहेत. अर्धं काम ते आपल्या ऑफिसात बसूनच करतात, महिन्याची यादीही मागून घेतात. हजेरी घेत नाहीत, ते आमच्या तीन सभासदांवर सोपवलंय. मॅडमची नजर पुढं अधू झाली, आता त्या मेहकरला भावाकडं असतात.

त्या ठरावाच्या पुढच्या वर्षी, मॅडम अजून नांदुऱ्याला असताना, आमसभेत मी प्रोसिडिंग लिहायचं काम दुसऱ्या लिपिकाकडं दिलं आणि खाली सतरंजीवर वेणूबाईच्या बाजूला जाऊन बसले. ऑडिटर नेमायचा विषय आला. अकोल्याचं नाव वाचून झालं. मी उभी राहिले आणि मॅडमचं नाव सुचवलं. मंडपात कोणी वळून पाहिलं, कोणी पाहिलं नाही. वेणूबाईनं मला अनुमोदन दिलं. अध्यक्षांनी हात मोजले आणि लिहिणाऱ्याला सांगितलं, "लिही. या नावाच्या बाजूनं दोन."